तुमच्या बाथरूमचं दार किती रुंद आहे?

आज कॉलेजमधून घरी गेलात की एक काम करा. टेप घ्या आणि बाथरूमचं दार मोजा. पुष्कळ फ्लॅटमध्ये ते अडीच फुटांच्या आतच भरतं. तुम्हा-आम्हाला त्याने काही फरक पडत नाही. खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि आत शिरायचं. पण साधी व्हीलचेअर जवळपास सव्वादोन फूट रुंद असते. चौकट आणि उघडलेलं दार यांची जागा वजा केली की ती अडकलीच. वॉकर घेऊन चालणाऱ्यालाही तिरकं होऊन आत जावं लागतं. उद्या घरात कुणाचा पाय मोडला, तर त्या माणसाला अंघोळीसाठी दुसऱ्याला हाक मारावी लागेल आणि त्यात पायाइतकाच दोष दाराचाही असेल.

ज्येष्ठांच्या घरांचा विषय तरुणांच्या पानावर कशाला, असं वाटलं ना? मग एक हिशेब करा. तुम्ही वीस वर्षांचे असाल, तर तुमचे आईबाबा पन्नाशीच्या आसपास असतील. २०५० साली तुम्ही पंचेचाळिशीत आणि ते पंचाहत्तरीत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीच्या पुढचे साधारण १० कोटी ४० लाख लोक होते. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे दहा जणांत एक. २०५० पर्यंत देशात पाच जणांत एक जण साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्या पाचातला एक म्हणजे कुणी परका माणूस नाही. आज तुम्हाला डबा भरून देणारी आई किंवा बाइकची किल्ली काढून घेणारे बाबा, हेच ते!

दोन टोकं आणि मधले आपण

म्हातारपणी कुठे राहायचं, याची आपल्या डोक्यात दोनच चित्रं असतात. एक वृद्धाश्रमाचं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये जो कायदा झाला, त्यात निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांचा एक तरी वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. दुसरं चित्र 'सीनियर लिव्हिंग'चं. पुण्यात परांजपे स्कीम्सच्या 'अथश्री'मुळे ही कल्पना मराठी घरांत पोचली. स्वतःचा फ्लॅट, सोबतीला समवयस्क शेजारी आणि मदत लागली तर हाकेच्या अंतरावर माणसं. कल्पना छान आहे, पण ती विकत घ्यायला गाठीशी बऱ्यापैकी पैसा लागतो.

या दोन टोकांच्या मधे जे उरतात, ते आहेत तिथेच म्हातारे होतात. माझी आजी नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहते. बिल्डिंगला लिफ्ट नाही. खाली उतरायचं म्हणजे ५४ पायऱ्या आणि गुडघे दोन्ही दुखरे. भाजीसाठी ती गॅलरीतून पिशवी सोडते. भजनी मंडळ दोन गल्ल्या सोडून आहे, पण गेल्या दिवाळीपासून ती तिकडे गेलेली नाही. डोकं तल्लख, हिशेब तोंडपाठ, फोनवर सगळ्यांच्या खबरा घेते. तिचं जग आक्रसलं ते जिन्यामुळे. 'वृद्धाश्रम' हा शब्द काढला तरी ती विषय बदलते. आणि का बदलू नये? तिला हवी आहे फक्त एक लिफ्ट.

बारा पायऱ्यांचं शास्त्र

वय वाढलेल्या माणसासाठी घर कसं असावं, याचं उत्तर आता आपल्याकडे कागदावर आहे. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२४ मध्ये महारेरानेही ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांचे किमान निकष ठरवले आणि ते विक्री करारात नमूद करायला सांगितलं. वाचायला रुक्ष वाटतील, पण एकेका आकड्यामागचं कारण बघा.

दार किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट. का, ते वर आलंच.

एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत आणि दोन्ही बाजूंना कठडा हवा. बारा पायऱ्यांनंतर दम खायला सपाट जागा मिळते. तोल गेलाच, तर माणूस फार खाली जात नाही. आणि दोन्ही बाजूंना कठडा अशासाठी, की अर्धांगवायूनंतर कुठला हात कामाचा राहील ते आधी कुणालाच माहीत नसतं.

टॉयलेटचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. आत कुणी चक्कर येऊन दाराला टेकून पडलं, तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही.

बाथरूममध्ये न घसरणाऱ्या फरशा आणि धरायला दांड्या. टॉवेलचा रॉड धरून उठायची सवय घरोघरी दिसते. तो रॉड टॉवेलचं वजन पेलायला लावलेला असतो, माणसाचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत सर्वांत जास्त साठीपुढची असतात.

रॅम्पचंही एक गणित आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे मान्यताप्राप्त प्रमाण. सोसायटीच्या दारात सहा इंचांची एकच पायरी असली, तरी रॅम्प सहा फुटांचा हवा. आपल्याकडे पार्किंगमध्ये स्कूटी चढवायला सिमेंटचा जो उतार केलेला असतो, त्याला रॅम्प म्हणणं हा विनोद आहे.

घराबाहेर काय आहे?

घर चांगलं आखलं, पण ते कुठे आहे? शहराबाहेर जमीन स्वस्त, हवा छान, ब्रोशरमध्ये डोंगर. पण रात्री दोनला छातीत दुखलं तर हॉस्पिटल किती लांब? दूध, औषधं, वाचनालय, देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? रिक्षा मिळते का? आणि सगळ्यात अवघड प्रश्न : बोलायला कोण आहे?

या शेवटच्या प्रश्नावर नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर नावाच्या गावातल्या 'ह्युमॅनिटास' या ज्येष्ठांच्या निवासाने मस्त उत्तर काढलं. २०१२ पासून तिथे कॉलेजचे मोजके विद्यार्थी राहतात. भाडं शून्य. बदल्यात महिन्याला ३० तास चांगला शेजारी म्हणून वागायचं. सोबत जेवायचं, गप्पा मारायच्या, कॉम्प्युटर शिकवायचा. नर्सचं काम त्यांच्याकडे नाही. पोरांची रूमची चिंता मिटली आणि आजी-आजोबांना कुणाचा पेपर कसा गेला, हे विचारायला माणूस मिळाला. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. तिकडे मुलं परदेशी गेलेली तीन खोल्यांची घरं आणि इकडे एका खोलीत चौघं, हे दोन्ही एकाच पेठेत सापडतं.

संधी आहे, ती आत्ताच

महारेराचे निकष ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना आहेत. तुमच्या-माझ्या साध्या सोसायटीला नाहीत. पण मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक... जिकडेतिकडे जुन्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला निघाल्यात. नवा प्लॅन कागदावर असतो तेव्हा दार सहा इंचांनी रुंद करणं ही पेन्सिलची एक रेघ असते. बांधून झाल्यावर तेच काम म्हणजे तोडफोड, धूळ आणि पुन्हा खर्च. आमच्या आजीच्या बिल्डिंगच्याही मीटिंगा सुरू आहेत. चर्चा कसली? कार्पेट एरिया किती वाढणार आणि पार्किंग किती मिळणार. ज्यांना तिथे म्हातारपण काढायचंय, तेही टॉयलेटचं दार कुठे उघडतं, हे विचारत नाहीत.

आर्किटेक्चर किंवा इंटिरियर शिकत असाल, तर प्रोजेक्टसाठी म्युझियम आणि एअरपोर्टच्या जोडीने हाही विषय घ्या. ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांनो, घरात कुठे काय बदलायचं हे सांगणं तर तुमच्या अभ्यासाचाच भाग आहे. आणि यातलं काहीच शिकत नसाल, तरी सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला बाबांसोबत जाऊन बसा. बिल्डरला चार गोष्टी विचारा : दारं तीन फुटी आहेत का? बाथरूमला उंबरा आहे का? दांड्या ठोकता येतील अशी भक्कम भिंत कुठली? लिफ्टला पॉवर बॅकअप आहे का? उत्तरं तोंडी घेऊ नका, करारात लिहून घ्या. आईबाबा हसतील, 'आत्ताच म्हातारं करतोयस का आम्हाला?' म्हणतील. म्हणू द्या.