शरीरसंपदा आणि आपला आहार



गेल्या आगमनकाळात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक माता मजकडे आली आणि पदर सावरीत हळूच म्हणाली, “फादर, सुरतेहून पोराचे पैसे कमी येऊ लागलेत. दारूला लागला असेल का हो? तुम्ही जाल तेव्हा जरा बघून या.” नंदुरबार-नवापूर भागातील कितीतरी तरुण पोटासाठी सुरतेस राहतात. कोणी यंत्रमागावर, कोणी कापडबाजारात, तर कोणी हिऱ्यांच्या कारखान्यात राबतो. त्यांची विचारपूस करण्यास जावयाचे होतेच. तापीकाठच्या रेल्वेने मी उधना जंक्शनवर उतरलो आणि विचारीत विचारीत त्या मुलाच्या खोलीवर गेलो.

एका खोलीत आठ जण राहतात. चार जण दिवसपाळीस गेले की रात्रपाळीचे चार जण त्याच अंथरुणांवर निजतात. भिंतीवरील फळीवर पवित्र मरियेची तसबीर होती आणि तिच्या शेजारी घागरीएवढा एक काळा डबा. त्यावर दंड फुगवून उभ्या असलेल्या एका पुरुषाचे चित्र होते. दारूचा मागमूसही नव्हता. मी डब्याकडे बोट दाखविताच मुलगा ओशाळला. “फादर, प्रोटीनची पावडर आहे. व्यायामशाळेत सगळेच घेतात. तिनं अंग भरतं.” एका डब्यास अडीच हजार रुपये! आईकडे जाणारे पैसे कोठे अडले, हे मला कळले.

खरे सांगतो, प्रथम मला राग आला. देहाच्या अभिमानावर एक लहानसे प्रवचनही मी तेथे झोडले. मुलाने ते मुकाट्याने ऐकून घेतले आणि मग विचारले, “फादर, मग मी खाऊ काय? आणि ही वाईट असते का?” या साध्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. ज्या वस्तूविषयी आपणांस काही ठाऊक नाही, तिच्याविरुद्ध उपदेश करणे धर्मगुरूस शोभत नाही. परत आल्यावर मी एका डॉक्टर भगिनीस गाठले आणि काही वाचनही केले. त्यातून जे उमगले, ते आपणांपुढे ठेवीत आहे. कारण अशी मुले आज घरोघरी आहेत.

प्रथम ही भुकटी म्हणजे काय, ते पाहू. सुरतेचे पनीर प्रसिद्ध आहे. म्हशीच्या दुधाचे ते मऊ पनीर त्याच्याच पाण्यात बुडवून ठेवतात. दूध विरजवून वा फाडून घट्ट भाग वेगळा केला की जे हिरवट-पिवळसर पाणी उरते, त्यास आपण निवळी म्हणतो. दुधातील प्रथिनांचा सुमारे पाचवा हिस्सा त्या पाण्यात राहतो. युरोप-अमेरिकेतील चीजच्या कारखान्यांत असे पाणी फार उरे. पूर्वी ते डुकरांना पाजीत किंवा नदी-नाल्यांत सोडून देत. पुढे बारीक पडद्यांतून गाळून त्यातील प्रथिने वेगळी करण्याची कला साधली आणि ती वाळवून डब्यांत भरण्यात येऊ लागली. मुले ज्यास ‘व्हे प्रोटीन’ म्हणतात, ते हेच. तेव्हा त्यात जादू नाही, तसेच ते विषही नाही. तो दुधाचाच एक अंश आहे आणि शरीर त्याचा उपयोग इतर प्रथिनांसारखाच करते.

आता गरजेचा हिशेब पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढास आपल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसास ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. जो नेमाने वजने उचलतो, त्यास अधिक लागतात. परंतु किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पलीकडे गेल्यास स्नायूंना विशेष लाभ होत नाही, असे अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संशोधकांना आढळले आहे. आपल्या मुलाचे वजन ५५ किलो. म्हणजे कितीही व्यायाम केला तरी त्यास दिवसाकाठी ८८ ग्रॅम पुरे.

हे ८८ ग्रॅम कोठून आणावयाचे? दिवसभरात तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या, तर सुमारे ३० ग्रॅम प्रथिने मिळतात. पन्नास ग्रॅम तूरडाळीतून ११, दोन अंड्यांतून १२, अर्धा लिटर दुधातून १७-१८, मूठभर म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ आणि रात्री भिजत घातलेल्या पन्नास ग्रॅम हरभऱ्यांतून ९. बेरीज करून पाहा. ती ८७ च्या आसपास येते! शिवाय धान्यातील प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते आणि डाळीतील उणे धान्य भरून काढते. आपल्या आज्या भाकरीबरोबर वरण वाढीत, त्यात केवढे शहाणपण होते! ज्या दिवशी दूध मिळणार नाही, त्या दिवशी बाजारचे सुके बोंबील आहेत. पंचवीस ग्रॅम सुक्या बोंबलांत जवळजवळ १५ ग्रॅम प्रथिने असतात आणि शुक्रवारच्या मांसवर्जनासही त्यांनी बाध येत नाही.

पैशाचाही विचार करू. एक किलोच्या डब्यात साधारणतः आठशे ग्रॅमपर्यंत प्रथिने असतात. अंड्यास सात रुपये धरले, तर त्याच अडीच हजारांत साडेतीनशेहून अधिक अंडी येतात आणि त्यांत दोन हजार ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. शेंगदाणे वा हरभरे घेतले, तर हिशेब याहूनही स्वस्त पडतो.

डब्यावर छापलेले सारेच डब्यात असते, असेही नाही. २०२४ साली भारतीय बाजारातील ३६ प्रथिन-पूरकांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे सत्तर टक्के पूरकांवरील प्रथिनांचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. काहींत बुरशीचे विषही सापडले. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक सूचनांत, शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या घेणे टाळावे, असे स्पष्ट सांगितले. ज्यांचे मूत्रपिंड आधीच दुर्बल आहे, त्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून तिकडे वळूच नये. इतकेही करून कोणास घ्यावयाचीच असेल, तर त्याने डब्यावर अन्नसुरक्षा खात्याचा चौदा आकडी परवाना क्रमांक पाहावा, पक्की पावती घ्यावी आणि सुटी, बिननावाची भुकटी घरात आणू नये. वजन वाढविणारी म्हणून जी मोठी पाकिटे विकतात, त्यांत बहुधा पिठूळ साखरच अधिक असते. ‘क्रिएटीन’ नावाचे द्रव्य मांस-मासळीतही असते. रोज तीन ते पाच ग्रॅम घेतल्यास जड वजने उचलताना थोडे साहाय्य होते, हे सिद्ध झाले आहे. परंतु ज्याचे दोन वेळचे ताटच अपुरे आहे, त्याने आधी ताट भरावे.

आता जे सांगणार आहे, ते मात्र आईवडिलांनी लक्षपूर्वक वाचावे. निघण्यापूर्वी त्या मुलाने दार लोटून घेतले आणि मला सांगितले की, व्यायामशाळेतील एक जण त्यास ‘लवकर अंग भरेल’ म्हणून सुई टोचून घेण्याचा आग्रह करीत आहे. वाचकहो, हे औषध भुकटीच्या जातीचे नव्हे. हे स्टेरॉइड, म्हणजे पुरुष-संप्रेरकाचे कृत्रिम रूप होय. १९८८ साली सेऊल येथील ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावणारा कॅनडाचा बेन जॉन्सन याचे सुवर्णपदक हिरावून घेण्यात आले, ते अशाच औषधामुळे. त्याने स्नायू वाढतात खरे; परंतु हृदय आणि यकृत यांस इजा होते, मन चिडखोर वा खिन्न होते, शरीरात स्वतःचे संप्रेरक निर्माण होणे मंदावते आणि पितृत्वाची शक्तीही क्षीण होऊ शकते. एकच सुई अनेकांनी वापरली, तर कावीळ आणि एड्स यांचे भय निराळेच. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकणे कायद्याविरुद्ध आहे. भुकटीचा प्रश्न बव्हंशी पैशाचा आहे. सुईचा प्रश्न मात्र जिवाचा आहे. उद्या ज्याला विवाहसंस्कार स्वीकारून संसार मांडावयाचा, त्याने आपल्या मुलाबाळांचे भाग्य दंडाच्या चार बोटे घेरासाठी पणास लावावे काय?

मुलांच्या मनात एक मोठा गैरसमज आहे. जितका देह मोठा तितके बळ मोठे, असे त्यांना वाटते. कऱ्हाडजवळील गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते कोणत्या गटात लढले? ५७ किलोच्या! म्हणजे आपल्या या यंत्रमागावरील मुलाहून दोनच किलो अधिक. त्यांच्या प्रवासाच्या खर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ज्या तालमीच्या परंपरेत असे मल्ल घडले, तेथे जोर-बैठका, लाल मातीतील लढती, दूध-बदामाची थंडाई आणि रात्रीची वेळेवर झोप हा क्रम वर्षानुवर्षे चाले. स्नायू वाढतो तो हळूहळू वाढत्या श्रमाने आणि श्रमानंतरच्या विश्रांतीने. अन्न त्यास विटा-माती पुरविते. बारा तास मागावर उभे राहून, चार तास झोपून आणि चहा-बिस्किटांवर दुपार काढून कोणतीही भुकटी अंगी लागणार नाही.

पवित्र शास्त्रात दानिएलाची कथा आहे. बाबेलच्या राजवाड्यात नेलेल्या त्या चार यहुदी तरुणांनी राजाच्या पक्वान्नांस नकार दिला आणि दहा दिवस केवळ कडधान्य-भाजीपाला व पाणी घेतले. दहा दिवसांनी पाहतात तो राजाचे अन्न खाणाऱ्यांपेक्षा तेच अधिक तेजस्वी व धष्टपुष्ट! ती कथा मुख्यत्वे देवाच्या नियमाशी राखलेल्या निष्ठेची आहे, पाकशास्त्राची नव्हे. तरीही परक्या नगरीत जाऊन राहिलेल्या आपल्या मुलांनी ती अवश्य वाचावी. संत पौलाने आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याचे सांगितले. मंदिर बळकट असावे, हे योग्यच. म्हणून मुलांच्या व्यायामाची थट्टा करू नका. तसे मी केले, ती माझी चूक होती.

हे सारे मी त्या मुलास पत्राने कळविले आणि त्याच्या आईसही समजावून सांगितले. मुलगा दारूत नव्हे तर दुधाच्या पाण्यात पैसे घालवीत होता, हे ऐकून तिला हसावे की रडावे ते कळेना. थोड्या वेळाने ती म्हणाली, “फादर, घरची अंडी मी बाजारात विकते. डेअरीला दूध घालते. तूर व्यापाऱ्याला देते. पोरगा घरी असताना कोऱ्या चहावर शाळेत जायचा.” नवापूरची तूरडाळ दूरवर नावाजलेली आहे, आणि तिच्याच मुलुखातील मूल परगावी जाऊन डब्यात प्रथिने शोधीत होते!

मातांनो, सारेच विकू नका, हीच माझी विनंती आहे. रोजच्या अंड्यांतील दोन-चार, दुधातील एक पेला आणि तुरीतील एक पायली घरासाठी ठेवा. ती मुलास द्या, तशीच मुलीसही द्या. तिच्याही हाडामांसास त्यांची तितकीच गरज आहे.

ख्रिस्तजयंतीस मुलगा घरी आला होता. उरलेला डबा त्याने संपविला. दुसरा घेतलेला नाही. सुईस त्याने ठाम नकार दिला आणि ती व्यायामशाळाही सोडली. आता खोलीवरील आठही जणांनी वर्गणी काढून डाळ शिजविण्यास एक मोठा कुकर घेतला आहे. परत जाताना त्याच्या पिशवीत आईने भाजलेल्या शेंगदाण्यांचे आणि तूरडाळीचे असे दोन पुडे घातले. स्टेशनापर्यंत ती पिशवी मीच उचलली होती. चांगलीच जड होती.