मान मोडलेला गोलरक्षक

‘फुटबॉल : काल आणि आज’, लेखांक ६

पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही, हा १९९२चा नियम आणि त्यामुळे खेळाला आलेला वेग आपण मागच्या लेखांकात पाहिला. जुन्या फुटबॉलच्या चाहत्यांचे यावर एक ठरलेले उत्तर असते : वेग आला असेल, पण ती छाती आता कुठे आहे? पूर्वीचे खेळाडू रक्त आले तरी मैदान सोडत नसत. ही गोष्ट खरी आहे. प्रश्न एवढाच, की ते सोडत नसत की त्यांना सोडता येत नसे?

५ मे १९५६. वेम्बलीवर एफए कपचा अंतिम सामना, मँचेस्टर सिटी विरुद्ध बर्मिंगहॅम सिटी. मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक होता बर्ट ट्राउटमन, दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये आलेला आणि तिथेच राहिलेला जर्मन. सामना संपायला १७ मिनिटे उरली असताना पुढे धावत आलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी त्याने झेप घेतली आणि त्या खेळाडूचा गुडघा त्याच्या मानेवर आदळला. तो उठला तेव्हा त्याचा तोल जात होता. तरीही तो उरलेला वेळ खेळला, आणखी चेंडू अडवले, आणि मँचेस्टर सिटी ३-१ने जिंकली. काही दिवसांनी एक्स-रे काढला, तेव्हा मानेचे हाड मोडल्याचे कळले. तो जगला हेच नवल.

ही कथा आजवर शौर्याची म्हणून सांगितली जाते, आणि ट्राउटमनचे शौर्य कुणीही नाकारणार नाही. पण त्या दिवशीचा नियम पाहा. बदली खेळाडू उतरवण्याची सोयच नव्हती. तो बाहेर गेला असता तर संघ दहाजणांवर आला असता आणि गोलात कुणातरी बचावपटूला उभे करावे लागले असते. तेव्हा उभे राहण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता?

दहा वर्षांनी, १९६६च्या विश्वचषकात, पेलेच्या वाट्याला हेच आले. पहिल्या सामन्यात बल्गेरियाने त्याला तुडवले, तिसऱ्यात पोर्तुगालने. बदली खेळाडू नाही, म्हणून तो लंगडत मैदानावरच राहिला. पुन्हा विश्वचषक खेळणार नाही, असे त्याने वैतागून जाहीर केले. सुदैवाने तो १९७०ला मेक्सिकोत परतला, आणि त्याच स्पर्धेत दोन नव्या गोष्टी आल्या : दोन बदली खेळाडूंची मुभा आणि पिवळे-लाल कार्ड. कार्डांची कल्पना इंग्लिश पंच केन ॲस्टन यांना रस्त्यावरच्या सिग्नलच्या दिव्यांवरून सुचली होती. आज एका सामन्यात पाच खेळाडू बदलता येतात. मेंदूला धक्का बसल्याची शंका असेल, तर स्पर्धेच्या नियमांत तशी तरतूद असल्यास त्याहून वेगळा बदली खेळाडूही घेता येतो. दुखावलेल्या खेळाडूला बाहेर बसवण्याची शिक्षा आता त्याच्या संघाला भोगावी लागत नाही. माझ्या मते आधुनिक फुटबॉलने केलेली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे, व्हीएआरपेक्षाही मोठी.

बडोद्याच्या वाचकाला तर हे सहज पटावे. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकराव हाडे बसवायचे आणि शेकडो लोक त्यांच्याकडे उपचारासाठी यायचे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी याच गावात बसून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत सिद्ध केले. शरीर कमवायचे तसे ते जपायचेही, ही आपल्या आखाड्यांची जुनी शिस्त. फुटबॉलच्या नियमांत ती उतरायला मात्र फार वेळ लागला.

शरीराच्या काळजीचे नाव फुटबॉलने एकदा घेतले होते, पण ते बायकांना बाहेर काढण्यासाठी. १९२०च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला ५० हजारांहून अधिक लोक लोटले. पुढच्याच डिसेंबरात, हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही, असे सांगून इंग्लिश असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी उठायला जवळपास पन्नास वर्षे लागली. २०२०च्या सुरुवातीला बंगळूरुत झालेल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये बडोदा फुटबॉल अकादमीच्या मुली उतरल्या आणि कोल्हापूर सिटीच्याही. जुन्या काळाचे गोडवे गाताना त्या काळात या मुलींना जागा नव्हती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता सर्वांत कठीण प्रसंगाकडे येतो. ५ डिसेंबर २००४, बंगळूरु, फेडरेशन कपचा अंतिम सामना. गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले. दुसरा गोल होताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. डेम्पोने तो सामना २-०ने जिंकला. मैदानावरच्या वैद्यकीय व्यवस्थेवर मग देशभर टीका झाली.

१२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड सामन्यात डेन्मार्कचा क्रिस्तियान एरिक्सन असाच एकाएकी कोसळला. त्याला मात्र कुणाचा धक्काही लागला नव्हता. कर्णधार सिमॉन क्यारने धावत येऊन त्याला सांभाळले, पंच अँथनी टेलर यांनी क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांना आत बोलावले, छातीवर दाब देणे (सीपीआर) सुरू झाले आणि डिफिब्रिलेटरच्या एका झटक्याने बंद पडलेले हृदय पुन्हा चालू झाले. शरीरात बसवलेले छोटे यंत्र घेऊन तो आठ महिन्यांनी इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून मैदानात उतरला. २०२४च्या युरो स्पर्धेत स्लोव्हेनियाविरुद्ध त्याने गोलही केला.

एरिक्सन वाचला तो तयारीमुळे. कोण धावणार, यंत्र कुठे ठेवले आहे, ते कोण लावणार, हे सगळे आधीच ठरलेले होते. हृदय असे अचानक थांबले आणि काहीच केले नाही, तर झटका मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ची गाडी कितीही तत्पर असली, तरी संध्याकाळच्या रहदारीतून समा किंवा मांजलपूरला पोहोचायला तिला तेवढी मिनिटे लागणारच. म्हणून बडोद्यातल्या शाळा आणि क्लब पुढच्या मोसमाचा खर्च मांडतील तेव्हा चषक आणि जर्सीच्या आधी डिफिब्रिलेटरची तरतूद करावी. सगळ्यांना तो वेगवेगळा परवडणार नाही. दोन-चार क्लबांनी मिळून एक घेतला आणि ज्या मैदानावर सामना असेल तिथे नेला, तरी चालेल. सीपीआर शिकायला तर पैशांपेक्षा एका दुपारची गरज आहे, आणि ती प्रत्येक प्रशिक्षकाने पहिल्या सामन्यापूर्वी काढावी.