अकल्पित मातृत्व

श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं परभणीचें रेल्वे-स्थानक पाहिलें असेल. परभणी, नांदेड, मनमाड ह्या स्थानकांवर एके काळीं एक तरुण स्त्री तान्ही मुलगी कडेवर घेऊन, गाणीं म्हणत भीक मागत हिंडे. त्या स्त्रीचें नांव सिंधुताई सपकाळ.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९४८ चा, वर्धा जिल्ह्यांतील पिंपरी मेघे येथला. नकोशी मुलगी म्हणून घरांत त्यांना 'चिंधी' म्हणत. शिकण्याची हौस मोठी. पण गुरें राखतां राखतां शिक्षण चौथीवर थांबलें आणि कोंवळ्या वयांत लग्न झालें. पुढें विशीच्या सुमारास, दिवस भरत आले असतां, खोट्या आळामुळें पतीनें त्यांना घराबाहेर काढलें. गोठ्यांत त्या प्रसूत झाल्या. माहेरचें दारही उघडलें नाहीं. मातृत्व त्यांना नवें नव्हतें. नवें होतें तें एकाकीपण.

अशा वेळीं आपलें पिलूं तेवढें पंखाखालीं घ्यावें, हें स्वाभाविक होय. परंतु फलाटावर टाकून दिलेलीं पोरें त्यांच्याभोंवतीं जमूं लागलीं, आणि मनांतही नसलेलें मातृत्व अंगावर आलें. तेथें एक कठीण प्रश्न उभा राहिला: पोटची मुलगी जवळ असतां परक्या लेकरांना मायेचें माप सारखें मिळेल काय? सिंधुताईंनीं स्वतःच्या मनावर भरंवसा ठेवला नाहीं. मुलगी ममता हिला त्यांनीं पुण्यास दगडूशेठ हलवाई संस्थेच्या सेवासदनांत ठेवलें. पुढें १९९४ सालीं पुरंदर तालुक्यांतील कुंभारवळण येथें जें बालसदन निघालें, त्यास नांव मात्र दूर ठेवलेल्या ममतेचेंच दिलें.

उतारवयांत पती आश्रयास आला, तेव्हां त्यासही त्यांनीं पती म्हणून नव्हे, लेकरूं म्हणून घरांत घेतलें. पत्नी हें नातें गळून पडलें होतें. 'माई' ही एकच ओळख उरली होती. २०२१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. ४ जानेवारी २०२२ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

ह्यावरून संकट हें वरदानच असतें, असा सोयीचा निष्कर्ष कोणी काढूं नये. गोठ्यांत अडलेल्या बाईला प्रथम सुईण हवी असते. चौथींत शाळा सुटलेल्या मुलीला पांचवी हवी असते. सिंधुताईंची शिकण्याची हौस त्यांच्यापुरती अपुरीच राहिली; ती त्यांनीं लेकरांना शिकवून पुरी केली. फलाटावर एखादी एकटी आई दिसली, तर तिच्या कडेवरच्या मुलाबरोबर तिची अर्ध्यावर राहिलेली शाळाही आपण आठवावी.