बॅगाटेल पुन्हा खेळतं करूया!

दोस्तांनो, आपल्या घरच्या माळ्यावर काय काय आहे, हे कधी चढून पाहिलंय? शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा कोल्हापूरच्या जुन्या भागांतले माळे म्हणजे खजिनाच! तांब्याचा बंब, पत्र्याची ट्रंक, मोडका पाळणा... आणि नशीब असेल तर एक लाकडी फळी. वरचं टोक गोल, अंगावर ओळीनं ठोकलेले खिळे, उजव्या कडेला स्प्रिंगचा दांडा आणि मधे मधे १०, ५०, १०० असे आकडे.

हेच ते बॅगाटेल! दांडा ओढून सोडला, की गोळी सुसाट वर जाते आणि खिळ्यांना धडकत, ठेचकाळत खाली येते. ज्या घरात थांबेल तेवढे गुण. आईबाबांना विचारून बघा. मे महिन्याच्या सुट्टीत यावरून झालेली भांडणं त्यांना नक्की आठवतील!

अशी फळी सापडली, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, ''टाका ती भंगारात!'' पण जरा थांबा. या खेळाची खरी गंमत कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, ती खिळ्यांत आहे. कोणता खिळा कुठे आहे, त्यावर शंभराचं घर सोपं की अवघड हे ठरतं. फळी गेली की तो खेळही गेला. म्हणून ती दुरुस्त करायची, आणि खेळ होता तसाच ठेवून दुरुस्त करायची.

धाकटा भाऊ, पण अंगानं थोराड

बॅगाटेल मूळचं फ्रान्सचं, अठराव्या शतकातलं. तेव्हा चेंडू काठीनं ढकलत. १८७१ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट घेतलं. काठी गेली, दांडा आला! १९३१ मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी 'बॅफल बॉल' नावाचं यंत्र काढलं. नाणं टाका आणि खेळा. पुढे त्यात वीज आली, दिवे आले, घंटा आल्या. १९४७ मध्ये त्यांच्याच कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात, बटण दाबताच चेंडू परत वर उडवणारे छोटे दांडे बसवले. त्यांना म्हणतात फ्लिपर. झालं आजचं पिनबॉल तयार!

या यंत्रांवर वाईट दिवसही आले बरं का! हा तर जुगारच, असं म्हणून न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी आणली. जप्त केलेली यंत्रं हातोड्यांनी फोडली. ती बंदी उठायला १९७६ साल उजाडलं.

आज परदेशात कितीतरी हौशी माणसं अशी जुनी यंत्रं घरी आणून दुरुस्त करतात. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या यंत्रांत कॉम्प्युटरची चिप नसायची. आत नुसत्या तारेच्या गुंडाळ्या, चुंबकानं उघडझाप करणाऱ्या पट्ट्या आणि दातेरी चाकं. ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू पट्टीला लागला, की वीज वाहते, गुंडाळी लोखंडी दांडा खेचते, घंटा वाजते आणि गुणांचं चाक एक घर पुढे सरकतं. मग असं यंत्र बंद का पडतं? पुष्कळदा कारणं साधीच असतात. पट्ट्यांवर धूळ बसते, ग्रीस वाळून चिकट होतं, रबराच्या कड्या कडक होऊन तडकतात. म्हणजे बंद पडलेलं यंत्र मेलेलं असतंच असं नाही. कुठे अडलंय, ते शांतपणे शोधावं लागतं.

आपल्या कोल्हापूरचाच धडा

या कामाला चिकाटी लागते, आणि तिचा धडा आपल्याच गावात आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे बंधू नाटकांचे पडदे रंगवायचे. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. सिनेमाचे खेळ दाखवता दाखवता ते स्वतःचा कॅमेरा जुळवू लागले. पण १९१६ मध्ये आनंदराव वारले. काम अर्धवट राहिलं. ते बाबूरावांनी हाती घेतलं आणि शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीनं १९१८ मध्ये कॅमेरा चालू करून दाखवला! १९२० चा 'सैरंध्री' हा चित्रपट याच मंडळींचा. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना, तो या कामगिरीची आठवण सांगतो.

चला, कामाला लागूया

१. आधी फोटो, मग हात. फळीचा बरोबर वरून फोटो घ्या. खिळे मोजून वहीत नकाशा काढा. काच असेल तर ती मोठ्या माणसांनीच काढायची.

२. पाणी नको. ओल्यानं लाकूड फुगतं आणि आकडे पुसले जातात. कोरडा मऊ ब्रश आणि सुती फडकं पुरे.

३. वाकडे खिळे. पकडीला कापड गुंडाळा, खिळा बुडाशी धरा आणि हळूहळू सरळ करा. जोर केलात तर तुटलाच! खिळा हलत असेल तर काढून घ्या, भोकात फेव्हिकॉल लावलेली काडेपेटीच्या काडीची चिपळी घाला आणि खिळा त्याच जागी बसवा. गंजका खिळा लागला तर लपवू नका, लगेच घरी सांगा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावं लागतं.

४. स्प्रिंग. ढिली झालेली स्प्रिंग ताणून काही उपयोग नाही, ती पुन्हा ढिली पडते. जुनी स्प्रिंग नमुना म्हणून सोबत घ्या आणि बाबांबरोबर उद्यमनगरात चौकशी करा. तारेची जाडी, लांबी आणि गोलाई तिन्ही जुळायला हव्यात.

५. गोळ्या. जुन्या गोळीच्याच मापाची काचेची गोटी किंवा बेअरिंगचा छर्रा घ्या. मोठी गोळी खिळ्यांत अडकते, लहान असली तर नको तिथून निसटते.

६. तेल नको. गोळीच्या वाटेवर तेल लावलं, की धूळ चिकटते. दांड्याला मात्र शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब चालेल.

७. रंगाची घाई नको. आकडे थोडे फिके दिसले तरी राहू द्या. नवा रंग फासला, की जुनी अक्षरं कायमची गेली.

सगळं झालं की फळी टेबलावर ठेवा. ती डाव्या-उजव्या बाजूला कलत नाही ना, हे गवंडीकाकांच्या पाणसळीनं पाहा. दांडा दहा वेळा पूर्ण ओढून सोडा. दहाही वेळा गोळी वरच्या गोलाईपर्यंत पोचली, की समजा जमलं!

पालकांसाठी दोन शब्द: बॅगाटेलमध्ये वीज नसते, म्हणून हे काम मुलांच्या हाती देता येतं. सोबत मात्र बसा. विजेवर चालणारं जुनं खेळाचं यंत्र मिळालं, तर ते जाणकार मेकॅनिकशिवाय उघडू देऊ नका. खिळा वाकडा बसला, तर पटकन स्वतः ठोकून देऊ नका. त्यांनाच पुन्हा काढू द्या, पुन्हा बसवू द्या.

आणि दोस्तांनो, एक काम विसरू नका. फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात तारीख लिहा आणि काय काय बदललं तेही लिहा: स्प्रिंग नवी, खिळे इतके, गोळ्या इतक्या. वीस-पंचवीस वर्षांनी कोणी ती फळी पुन्हा उघडेल, तेव्हा त्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.