गाडी थांबते कशानं?

मंडळी, गावातली पोरं कॅरम खेळतात, ते तुम्ही पाहिलं असेल. बोर्डावर पावडर नसली तर सोंगटी थोडी सरकते नि मध्येच थांबते. पावडर टाकली की तीच सोंगटी तेवढ्याच टिचकीनं पार कडेपर्यंत जाते. असं का होतं?

आपल्याला वाटतं, सोंगटीचा जोर संपला म्हणून ती थांबली. पण तसं नाही. चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही. तिला थांबवणारं काहीतरी लागतं. बोर्ड गुळगुळीत दिसतो, तरी त्यावर बारीक उंचवटे असतात. सोंगटीच्या तळालाही असतात. ते एकमेकांना अडतात, चिकटतात आणि सोंगटीला मागं ओढतात. या ओढीला घर्षण म्हणतात. पावडर मध्ये आली की घर्षण कमी होतं.

मग सोंगटीची गती जाते कुठे? तिची उष्णता होते. आम्ही शाळेत मुलांना तळहात जोरानं घासायला सांगायचो. तुम्हीही घासून पाहा. हात लगेच गरम होतात.

वजन वाढलं की घर्षण वाढतं. रिकामं पोतं एका हातानं ओढता येतं. ज्वारीनं भरलेलं पोतं ओढायला दोन गडी लागतात. बैलांचा त्रास कमी व्हावा म्हणून आपण गाडीच्या आसाला वंगण देतो.

म्हणून घर्षण वाईट म्हणायचं काय? नाही. चिखलात पाय घसरला की त्याची किंमत कळते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाण्याहून मलकापूरला जाताना राजूर घाट उतरावा लागतो. तिथं आपला जीव घर्षणाच्या हाती असतो. ब्रेक दाबला की आतला भाग चाकाला घासतो आणि चाक अडतं. टायर रस्त्याला घासतो आणि गाडी थांबते. यातलं एक जरी सुटलं, तरी गाडी थांबत नाही.

वेगाचा हिशेब नीट ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला, की थांबायला जागा चौपट लागते. कोरड्या सपाट सडकेवर ताशी 40 किलोमीटरनं जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे 9 मीटरमध्ये थांबत असेल, तर 80 च्या वेगाला 36 मीटर लागतात. उतारावर त्याहून जास्त, कारण उतार गाडीला खाली ओढतो.

म्हणून चार गोष्टी पाळा. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे इंजिनच तिला आवरून धरतं. ब्रेक सारखा दाबून धरू नका. तो फार तापला की त्याची पकड जाते. टायर झिजून गुळगुळीत झाला असेल तर बदला. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर जास्त माल भरू नका. ती मागून ट्रॅक्टरला ढकलते.

आणि पहिल्या पावसात फार जपा. सडकेवरची धूळ नि सांडलेलं तेल पाण्यात मिसळतं. तेव्हा समजावं, बोर्डावर पावडर पडली आहे आणि सोंगटी आपणच आहोत.