सनदेचे पैसे

आपल्या समाजातील मुलेमुली आता विधी महाविद्यालयांत मोठ्या संख्येने दिसतात, ही समाधानाची बाब आहे. प्रवेश मिळाला म्हणजे काम झाले, असे घरच्यांना वाटते. खरी ओढाताण पुढेच असते.

पहिल्या वर्षी गाडे अडते ते इंग्रजीपाशी. तालुका न्यायालयात मराठी चालते, पण मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत, निकालपत्रेही इंग्रजीत. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला मुद्दा कळतो, मांडता येत नाही. मग अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत तो नावच देत नाही. शिष्यवृत्तीच्या रांगेत उभे राहिले की जात सर्वांना कळते, आणि पुढे कितीही गुण मिळोत, ‘सवलतीवाला’ हा शिक्का पुसत नाही. आमच्या अभ्यासिकेत येणारी मुले हे सांगतात तेव्हा खाली बघून सांगतात.

त्यानंतरचा अडसर सनदेचा. परमपूज्य बाबासाहेब १९२३ साली बॅरिस्टर म्हणून मुंबईत परतले, तेव्हा सनदेसाठी त्यांना मित्र नवल भथेना यांची मदत घ्यावी लागली. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरकडे कामे पाठवीत नसत. म्हणून १९२५ पासून त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

आज परिस्थिती थोडी सुधारली आहे. अनेक राज्यांच्या वकील परिषदा सनदेसाठी हजारो रुपये घेत असत, काही ठिकाणी पंधरा हजारांहून अधिक. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमातील कलम २४ पेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. मुद्रांक शुल्क असल्यास वेगळे. बौद्धांना ही सूट अनुसूचित जातीचे म्हणून मिळते (१९९० ची दुरुस्ती), १९९३ मध्ये मिळालेल्या अल्पसंख्याक दर्जामुळे नव्हे. तेव्हा जातीचा दाखला शेवटच्या वर्षाच्या आतच काढून ठेवावा. निकालाच्या गडबडीत तहसीलला खेटे घालणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

सनद मिळाली तरी पहिली दोन वर्षे ज्येष्ठ वकिलाकडे जवळजवळ फुकटच जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय विधिज्ञ परिषदेने कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली. पण ती शिफारसच, सक्ती नाही. आपल्यातील ज्येष्ठ वकिलांनी तरी ती मनावर घ्यावी.

कायद्याची जुनी पुस्तके रविवारी सकाळी अभ्यासिकेत आणून द्यावीत. पानांवर खुणा व टिपणे असतील तर अधिक बरे. दंड संहितेच्या प्रती आमच्याकडे भरपूर आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची मात्र एकही नाही.