एबारची दुनळी
लेखमाला : बंदूक ओळखताना (भाग 6)

आमच्या चाळीतले अण्णा गेल्या महिन्यात हातात दोन पावत्या घेऊन घरी आले. चिंचपोकळीत त्यांची ही तिसरी पिढी, पण कुडाळच्या बाजूचं गाव काही सुटलेलं नाही. तिथे आधी चुलते गेले, पाठोपाठ वडील गेले. दोघांच्याही नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकेक दुनळी होती. अण्णांनी शहाणपणा केला. बंदुका माळ्यावर न ठेवता दोन्ही परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केल्या आणि पावत्या घेतल्या. आता वारस म्हणून एकच नावावर करून घ्यायची आणि दुसरी विकायची, असं भावाभावांत ठरलं होतं. "तू बंदुकांवर एवढं लिहितोस," अण्णा म्हणाले, "मग सांग, यातली ठेवायची कुठली?"

दोन्ही बंदुका स्पेनच्या होत्या आणि दोन्हींवर एकाच गावाचं नाव होतं : एबार. मागच्या भागात ठासणीच्या बंदुकीबद्दल बोललो, तेव्हा दुनळीकडे वळायचं कबूल केलं होतं. अण्णांनी निमित्त आणून दिलं.

एबार हे उत्तर स्पेनच्या बास्क मुलखातलं, डोंगरांच्या खोबणीत बसलेलं गाव. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बंदुकाच घडत आल्या. कुणी नळ्या करायचा, कुणी खटके, कुणी दस्ते, कुणी नुसतं कोरीवकाम. हे वाचताना मला आपलं गिरणगाव आठवतं. एका धंद्यावर आख्खी वस्ती उभी, आणि धंद्याला खोकला झाला की वस्तीला ताप. 1920 मध्ये तिथल्या बंदूक कामगारांनी संघटनेच्या बळावर अल्फा नावाचा सहकारी कारखाना काढला. पुढे तो शिलाई यंत्रांसाठी नावाजला. बीएच या सायकलवाल्यांची सुरुवातही बंदुकांपासूनच झाली.

आया हे एबारमधलं सर्वांत ओळखीचं नाव, म्हणजे आगिर्रे आणि अरान्साबाल या दोन आडनावांची आद्याक्षरं. 1950 च्या दशकात इंग्लंडमधल्या आयातदारांनी त्यांना लंडनच्या उत्तम बंदुकांचे नमुने समोर ठेवून त्याच घडणीच्या दुनळ्या कमी किमतीत करायला लावल्या. त्यांचा नंबर 1 हा हॉलंड अँड हॉलंडच्या धर्तीवरचा, तर नंबर 4 हा साध्या, दणकट पेटीखटक्याचा (तो काय, ते पुढे येतंच). 1980 च्या दशकात स्पेनमधले बरेच बंदूक कारखाने एकत्र करून मोठी कंपनी उभारायचा प्रयत्न झाला. तो फसला आणि आयाचा कारखाना बंद पडला. मग तिथल्याच काही कारागिरांनी जुनं नाव घेऊन छोट्या जागेत पुन्हा काम सुरू केलं. त्याच दशकात, 18 जानेवारी 1982 ला, आमच्या इथे गिरण्यांचा संप सुरू झाला होता. माझे वडील गिरणीत फिटर होते. त्यांची हत्यारांची पेटी घरी आली ती परत कामावर गेलीच नाही. म्हणून एबारच्या त्या माणसांविषयी मला आदराहून अधिक काही वाटतं.

आयाखेरीज ग्रुया, गार्बी, उगार्तेचेआ, आणि शेजारच्या एल्गोइबारचे अर्रिएता ही त्या मुलखातली मानाची नावं. स्पॅनिशमध्ये ग्रुया म्हणजे क्रौंच पक्षी. यातलं श्रेष्ठ कोण, हा वाद रंगतो, पण त्यात फार अर्थ नाही. प्रत्येक घरात स्वस्त आणि महाग प्रती निघाल्या, आणि एकाच घरच्या दोन बंदुकांत जेवढा फरक पडतो तेवढा कधीकधी दोन घराण्यांतही पडत नाही. नाव वाचावं आणि पुढे नळीकडे जावं.

आता खटक्यांचं. दुनळीत दोन घराणी आहेत. पेटीखटका, म्हणजे बॉक्सलॉक, हा 1875 चा शोध. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सकडच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांचा. यात खटक्याचे भाग बंदुकीच्या पोलादी पोटातच बसतात. भाग थोडे, बिघाड थोडा, दुरुस्ती सोपी. दुसरा साइडलॉक. त्यात खटके बाजूच्या दोन पत्र्यांवर बसवलेले असतात, म्हणून कोरीवकामाला ऐसपैस जागा मिळते आणि चाप हलका, नेमका सुटतो. चांगल्या साइडलॉकमध्ये एक जादा अडसर असतो. बंदूक हातातून पडून धक्क्याने खटका सुटलाच, तर तो अडसर त्याला काडतुसापर्यंत पोचू देत नाही. पण त्यासाठी अक्रोडाचं लाकूड आतून बरंच कोरावं लागतं, आणि काम हलकं असेल तर तिथेच दस्त्याला तडा जातो. माझं मत सरळ आहे : पैसे मोजके असतील तर चांगला पेटीखटका घ्यावा, स्वस्तातल्या साइडलॉकच्या वाट्याला जाऊ नये. कोरीव पत्र्याखाली ओबडधोबड खटके दडवलेले मी पाहिले आहेत.

अण्णांच्या दोन बंदुकांत एक पेटीखटक्याची होती, वडिलांची. दुसरी साइडलॉक, चुलत्यांची. विक्रेत्याच्या दुकानात मेजावर जाड कांबळं अंथरून दोन्ही ठेवल्या. आधी मोडून रिकाम्या असल्याची खात्री केली. ही खात्री रोज आणि प्रत्येकाने करायची, दुकानदाराने आधीच केली असली तरीही.

पहिली परीक्षा कानांची. नळ्या सुट्या करून बुडाच्या आकड्याने एका बोटावर टांगायच्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारायची. दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी यांचा डाक शाबूत असेल तर देवळातल्या लहान घंटेसारखा नाद निघतो आणि क्षणभर रेंगाळतो. चुलत्यांची वाजली. वडिलांची नुसती ठक्क करून गप्प झाली. पट्टी कुठेतरी सुटली होती. अशा फटीत कोकणातला पावसाळा शिरतो आणि गंज आतून नळी खातो, बाहेरून काही कळत नाही.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून बघायची. छाया गोल, एकात एक, सलग वलयांनी सरकली पाहिजे. वलय एका जागी मोडलं की तिथे पोचा आहे. वडिलांच्या डाव्या नळीत तोंडापासून वीतभर आत असा एक पोचा दिसला. वर काळा मुलामा नवा होता. कुणीतरी झाकपाक केली होती.

तिसरी परीक्षा सांध्याची, आणि ही माझ्या घरची. नळ्या आणि बंदुकीचं तोंड एकमेकांना जिथे मिळतात तिथे केसाएवढीही फट चालत नाही. कारागीर ही जुळणी कशी करतो? दिव्याची काजळी एका पृष्ठावर धरतो, बंदूक बंद करतो, उघडतो. जिथे काजळी पुसली जाते ते उंचवटे. तेवढेच कानशीने घासतो. पुन्हा काजळी, पुन्हा बंद, पुन्हा उघड. शेवटी काजळी सगळीकडे सारखी पुसली जाते. माझे वडील गिरणीच्या वर्कशॉपमध्ये हेच निळ्या रंगाने करायचे. मार्किंग ब्लूची ती पत्र्याची डबी अजून घरी आहे आणि झाकणावर त्यांच्या अंगठ्याचा निळा ठसा आहे. विक्रेत्याने पुढचं लाकूड काढून बंदूक बंद केली आणि नळ्या धरून हलवून पाहिल्या. चुलत्यांची एकजीव होती. अण्णांच्या वडिलांच्या बंदुकीत बारीक टकटक जाणवली.

मग खुणा वाचल्या. एबारला सरकारमान्य परीक्षणगृह आहे. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जबर बार उडवून ती टिकली तरच ठसा उमटतो. 1927 पासून ठशांबरोबर वर्षाचं अक्षरही आलं. 1927 साठी ए, तिथून पुढे. काडतूस बसतं त्या जागेची लांबीही नळीवर मिलिमीटरमध्ये असते, 65 किंवा 70. ही लांबी बघितल्याशिवाय कुणीही काडतूस घेऊ नये. 70 चं काडतूस 65 च्या जागेत सहज बसतं, पण उडाल्यावर त्याची मुरड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. आपल्याकडे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसं मिळतात. खोक्यावर लांबी छापलेली असते.

दोन्ही 12 बोअरच्या. हा आकडा शिशाच्या वजनावरून येतो. एक पौंड शिशाच्या 12 सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती 12 बोअर, साधारण 18.5 मिलिमीटर. 20 बोअरमध्ये गोळ्या 20, म्हणून नळी बारीक, साधारण 15.6. पक्ष्यांमागे दिवसभर पायी हिंडणाऱ्यांना हलकी 20 बोअर आवडते. पण हलकेपणालाही हद्द आहे. बर्मिंगहॅमचे ग्रीनर यांचा ठोकताळा असा : बंदुकीचं वजन छऱ्यांच्या वजनाच्या 96 पट असावं. 28 ग्रॅम छऱ्यांना 2.7 किलो, 32 ग्रॅमला तीन किलोच्या थोडं वर. त्याखाली गेलात की खांदा बोलायला लागतो.

दोन चाप का, हेही अण्णांनी विचारलं. माळावर पक्षी पायाखालून उठतो आणि दूर जातो. पहिला बार जवळचा, म्हणून पुढच्या चापाला उजवी, मोकळ्या तोंडाची नळी. दुसरा बार लांबचा, म्हणून मागच्या चापाला डावी, तोंडाशी आवळलेली. पूर्ण आवळ म्हणजे साधारण एक मिलिमीटर, मोकळी म्हणजे पाव. अंतर बघून बोट ठरवतं. उडत्या तबकड्या फोडणारे खेळाडू एकावर एक नळ्यांची बंदूक वापरतात. राज्यवर्धन राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला रौप्यपदक मिळवलं ते तसल्याच बंदुकीने. शेजारी शेजारी नळ्यांची दुनळी ही चालत्या माणसाची बंदूक आहे.

आणि चालण्याचा तो मुलूख आपल्याकडेही होता. देशावरच्या माळांवर तितर, लावे आणि भटतितर यांच्यामागे दुनळी घेऊन हिंडणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. सलीम अली गिरगावातल्या खेतवाडीत वाढले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखता येईना, म्हणून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे मिलार्ड साहेबांनी तिची ओळख सांगितली आणि संग्रहातले पक्षी उघडून दाखवले. पुढे त्यांनी केलेल्या पक्षी-सर्वेक्षणांतही नमुने बंदुकीनेच गोळा होत. ज्या हाताने पक्षी पाडला त्याच हाताने पक्षीशास्त्र आपल्याला दिलं. या गोष्टीकडे मी दोष काढायला बघत नाही. त्या काळात पक्षी ओळखायची रीतच ती होती.

तो काळ संपला आहे आणि संपला हे बरं झालं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात सुरुवातीला परवान्यावर काही शिकार होऊ शकत होती, 1991 च्या दुरुस्तीने तीही गेली. आज तितर किंवा लावा पाडणं हा गुन्हा आहे, बंदूक कितीही उंची असो. स्पेनमध्ये लाल पायांच्या तितराची शिकार हंगामात कायद्याने चालते, म्हणून तिथे या दुनळ्या अजून त्या कामाला निघतात. इथे तिचं काम आहे नेमबाजी, परवान्यात लिहिलं असेल ते संरक्षण, आणि जपणूक. सामान्य परवानाधारकाला परदेशातून नवी मागवताही येत नाही. आपल्याकडे एबारची दुनळी येते ती जुनी, कुणाच्या तरी मागे उरलेली.

शेवटची परीक्षा खांद्याची. डोळे मिटून बंदूक वर आणायची, गाल दस्त्यावर टेकवायचा आणि डोळे उघडायचे. नजर आपोआप पट्टीच्या रेषेत आली तर बंदूक तुमची. अण्णांना चुलत्यांची किंचित आखूड पडली. चुलते ठेंगणे होते. त्यावर इलाज आहे, मागे रबरी पट्टी बसवता येते. वडिलांची मात्र चपखल बसली. अण्णा ती खांद्याला लावून बराच वेळ उभे राहिले.

मी जे दिसलं ते सांगितलं. साइडलॉक ठेवा. तिच्यावरच्या नक्षीसाठी नव्हे, तिच्या नळ्या वाजतात आणि सांधा घट्ट आहे म्हणून. वडिलांची दुरुस्त होऊ शकेल, पण सुटलेली पट्टी, पोचा आणि सैल सांधा हे तिन्ही खर्च मिळून बंदुकीच्या किमतीच्या वर जातील. आणि तोवर तिच्यातून एकही बार उडवू नये. अण्णांनी मान हलवली. भावांना फोन केला. मग विक्रेत्याला म्हणाले, दोन्ही ठेवतो.

शस्त्र कायदा त्याला आड येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोन बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन होत्या. वडिलांची आता कधीच उडणार नाही, हे त्यांनी मला वचन दिलं आहे.

तुमच्याही गावच्या घरात अशी एखादी दुनळी असेल, तर तिच्याबद्दल विनंती करतो. परवानाधारक वारल्यावर बंदूक घरात ठेवणं बेकायदा आहे, मग ती चालो वा न चालो. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. मग वारसाचा अर्ज करा, गावी जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुंबईत पोलीस आयुक्तांकडे. परवानाधारक हयात असताना वयाची 70 वर्षं झाली असतील, किंवा बंदूक 25 वर्षं बाळगली असेल, तरीही 2016 च्या नियमांनुसार ती वारसाच्या नावे करता येते. वडीलधाऱ्यांशी हे बोलणं टाळू नका. पुढच्या आठवड्यात काडतूस उघडून आत काय असतं ते पाहू.